तेरडा आणि ग्रासकटर

आमच्या सुनेला विचारायची सवय नव्हती. आधी करायचं, मग सांगायचं, आणि सांगायचं तेही मी खोदून विचारलं तर. लग्न होऊन आली त्याच महिन्यात तिनं मागीलदारचा अळवाचा वाफा उपटून विहिरीकडे नेऊन लावला. का, तर म्हणे, "इथं सावली जास्त हुती, आत्याबाई." मग चुलीचं तोंड फिरवलं. "धूर घरात येत हुता." बरं, अळू दुपटीनं वाढलं आणि धूरही थांबला. म्हणून तर राग जास्त यायचा. चुकली असती तर चार शब्द सुनावून मी मोकळी झाले असते.

ऊर्मिला तिचं नाव. कोरेगावकडची, घाटावरची. आमच्या दापोलीकडे सासूला आई म्हणतात. ही मला पहिल्या दिवसापासून आत्याबाई म्हणायला लागली. तेही मला विचारून नव्हे.

लग्न वैशाखातलं. दिगंबर, म्हणजे माझा मुलगा दिगू, तेव्हा पुण्यात कंपनीत होता. हळद निघते न निघते तोच कंपनीला टाळं लागलं आणि दोघं बॅगा घेऊन घरी आली. आमच्या उतारावर तेव्हा शहरातल्या लोकांनी एकामागून एक बंगले उठवले होते. बंगला बांधायला सगळे येतात, पावसात वाढलेलं रान कापायला कोण येणार? दिगूनं ठरवलं, हाच धंदा करायचा. बंगलेवाल्यांच्या बागा राखायच्या. पण कोयत्यानं किती कापणार, मशीन हवं. त्यासाठी म्हैस विकली. म्हैस माझी होती, म्हणून श्रावणात खेडच्या दुकानात मीही गेले. माझ्या म्हशीचं काय होतंय ते मला बघायचं होतं.

दुकानदार मोठा गोडबोल्या. दिगूला थेट एका लाल, चार चाकांच्या मशीनजवळ घेऊन गेला. "साहेब, बागकाम म्हटलं की पहिलं लॉनमोअर. ढकलत जायचं, मागे गालिचा."

दिगू त्याच्यावर असा हात फिरवायला लागला की मला माझी म्हैसच आठवली.

मग दुकानदारानं एक नळकांडं उचललं, कळ दाबली, आणि माझा पदर उडून तोंडावर आला.

"हे काय रे मेल्या?"

"ब्लोअर, आजी. पडलेली पानं उडवायला."

"उडवून टाकायची कुठं? शेजाऱ्याच्या दारात?"

"एका जागी गोळा करायची."

"वारा विकत घ्यायची पाळी नाही आली आमच्यावर. केरसुणी आहे घरात."

त्यानं मग कुंपणाची झाडं भादरायचं लांब दातांचं मशीन दाखवलं, झाडं कापायची साखळीची करवत दाखवली. दिगूला सगळंच हवं होतं. जत्रेतल्या पोरासारखा एकाकडून दुसऱ्याकडे जात होता. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "हे घ्या."

ऊर्मिला. एक लांब दांड्याचं मशीन तिनं पट्टा घालून खांद्याला लावलं होतं. गवत कापायचं. आमच्याकडे आता त्याला सगळे ग्रासकटर म्हणतात.

"वहिनी, ते डोंगरातल्या कामाला," दुकानदार म्हणाला. "बागेला, लॉनला..."

"लॉन कुठं हाय आमच्याकडं? जांभा दगूड आन् चढ. ते चाकाचं एकदा हातातनं सुटलं की थेट समुद्रात."

दुकानदार हसला आणि दिगूकडे वळला. "साहेब, तुम्ही सांगा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी सुनेकडे बघितलं. तोवर तिनं मशीन जमिनीवर ठेवून पायानं दाबलं होतं आणि दोरी ओढली होती. पहिल्या झटक्याला सुरू. दुकानात धूर.

"माहेरी आल्याच्या शेतात फवारणीचा पंप मीच चालवायची," ती मशीन बंद करून म्हणाली. "इंजिन ह्येच. टोक तेवढं दुसरं."

नंतर दुकानदाराची तिनं जी काही चामडी सोलली ती मी विसरणार नाही. डोळ्यांना चष्मा द्या, नडगीला पत्रा द्या. गवताला दोरीची चकरी द्या आणि जाड झुडपाला लोखंडी पातं द्या. पेट्रोलला डबे द्या, दोन. घरी आल्यावर एका डब्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळलं आणि त्याच्या कडीला लाल चिंधी बांधली.

"आत्याबाई, चिंधीचा डबा मशीनचा. बिनचिंधीचा गाडीचा. साधं पेट्रोल मशीनला घातलं की ते आतनं जळतंय."

"मी कशाला हात लावते त्या घाणीला?"

"न्हाई, आपलं म्हाईत असावं."

आता नवी माणसं या धंद्यात येतात आणि आधी काय घ्यावं म्हणून दिगूला विचारायला येतात. उत्तर मीच देते. आधी जमीन बघा. सपाट असेल तर चाकाचं, चढ असेल तर खांद्याचं. बाकी काय लागतं ते काम आपण होऊन सांगतं. आमच्याकडे आता सगळं आहे, ब्लोअरसुद्धा. त्याला मी अजून हात लावलेला नाही.

पण तेव्हा एकच मशीन होतं आणि एकच काम होतं. पऱ्याकाठच्या बंगल्याच्या कर्णिकबाईंचं. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. गणपतीत बाईंचे पाहुणे येणार होते. त्यांनी दिगूला सांगितलं होतं, "सगळं साफ पाहिजे, वरपासून थेट पाण्यापर्यंत. मनासारखं झालं तर वर्षभराचं काम तुमचं. शेजारच्या दोन बंगल्यांना मीच सांगेन." आणि नाही झालं तर काय, ते दिगूनं मला सांगितलं होतं. गणपती पोचवायचे आणि दोघांनी पुन्हा पुणं गाठायचं, नोकरी शोधायला. मग घरात मी आणि रिकामं दावं.

वरचा भाग त्यांनी गणपतीच्या आधी उरकला. खालचा पावसानं अडला. मग गणपती आले, आणि गणपती आले की आमच्या वाडीतले पुरुष आमचे राहत नाहीत. टाळ घेऊन या घरून त्या घरी आरत्या करत फिरतात, तिथून कोणाची सुटका नाही. दिगू तिकडे. दुसऱ्या दिवशी मी पडवीत वाल सोलत बसले होते. खालून मशीनची घरघर येत होती. दोघं असतील, असं माझ्या मनात आलं.

संध्याकाळी मशीन आणि डबे बंगल्याच्या शेडमध्ये ठेवून एकटी ऊर्मिला आली, डोक्यापासून पायापर्यंत हिरवी.

"झालं, आत्याबाई. पार पाण्यापतूर. बाई लई खूश हायत. काडी ठेवली न्हाई."

"बरं झालं," मी म्हटलं. तिच्यासाठी पाणी तापवायला टाकलं. म्हटलं ना, मला कोण काय विचारतंय.

तिसऱ्या दिवशी गौर.

आमची गौर तेरड्याची. मूर्ती नाही, मुखवटा नाही. भादव्यात पऱ्याच्या काठाला तेरडा फुलतो, गुलाबी. वाडीतल्या बायका ताटं घेऊन जातात, त्याला हळदकुंकू वाहतात, मुळासकट उपटतात आणि वाजतगाजत घरी आणतात. दिवेलागणीच्या आत ती घरात आली पाहिजे. घरात आली की तिला साडी नेसवायची, नथ घालायची, पाटावर उभी करायची. सगळ्या वाडीची गौर एकाच जागची. पहिलं रोप उपटायचा मान आमच्या घराचा. आधी सासूबाईंचा होता, मग माझा.

त्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही निघालो. पुढे मी. मागे माझी चुलतजाऊ सुंदरा, जिला तो मान आपल्याकडे हवा होता आणि जी हे कधी लपवत नसे. मागे बाकीच्या. ऊर्मिला नवी हिरवी साडी नेसून माझ्या शेजारी. तिची पहिलीच गौर. गाणी म्हणत आम्ही कर्णिकबाईंच्या कुंपणाला वळसा घालून पऱ्यावर उतरलो, आणि गाणं तिथंच तुटलं.

काठ साफ होता. न्हाव्यानं डोकं करावं तसा. गुलाबी फुलं दगडांना चिकटून सुकलेली. एक म्हणून रोप उभं नाही.

सुंदरानं गालावर हात ठेवला. "गो द्वारके! तुझ्या सुनेनं गौरीचं मुंडण केलं गो!"

मागं कोणीतरी हसलं.

ऊर्मिला खाली बसली. एक कापलेलं रोप उचलून बघत राहिली. "आत्याबाई, ही व्हय गौर? मला वाटलं तण हाय."

"ऐकलंत?" सुंदरा सगळ्यांकडे वळली. "गौरीला तण म्हणते!"

"आमच्यात मुखवटं असत्यात. पितळंचं. पेटीतनं काढायचं."

"मग घाल जा एखादा. तोंड लपवायला होईल."

"सुंदरा," मी म्हटलं, "तुझ्या जिभेला पण त्या मशीनसारखी दोरी आहे वाटतं. ओढली की सुरू."

सुनेची बाजू घेतली असं नव्हे. घरच्या माणसाला बोलायचा हक्क माझा आहे आणि तो मी बाहेर वाटत नाही. आतून मी पेटले होते. पण खरं बघता तिला हे सांगणार कोण? आपण भात खातो हे कोणी कोणाला सांगत बसत नाही, तशीच ही गोष्ट. काल 'पार पाण्यापतूर' ऐकलं तेव्हा माझ्याच ध्यानात तेरडा आला नव्हता.

सुंदरा आता हसत नव्हती. "मी सांगून ठेवते. आज वाडीत गौर आली नाही, तर ते मशीन या वाडीत पुन्हा सुरू होणार नाही. आजच पुरुषांच्या कानावर घालते. तुझ्या दिगूला म्हणावं, घे बायकोला आणि जा पुण्याला."

दोघीतिघींनी माना हलवल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पटलं होतं त्यांना.

"पलीकडच्या पऱ्यावर असेल," एक जण म्हणाली.

"ती दुसऱ्या गावची हद्द. दुसऱ्याच्या हद्दीतली गौर आणतात का?"

"मग वरच्या पाण्यावर..."

"तिथं आता रानडुकरं जातात गो, माणसं नाही."

वरचं पाणी म्हणजे कातळाच्या वरचा झरा. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई गौरीला तिथंच न्यायच्या. पुढे दारात नळ आले, त्या पाण्यावर जायची कोणाला गरज राहिली नाही, आणि वाट घाणेरीनं गिळली. पुरुषभर उंचीची काटेरी घाणेरी, वर करवंदीची जाळी. हातात कोयता घेतला तरी दिवस मोडेल.

"ते व्हय? कातळाच्या वर गुलाबी दिसतंय ते?" ऊर्मिला उभी राहिली होती. "काल कापताना मला दिसलं हुतं."

मी वर बघितलं. डोळ्यांवर हात धरला तर खरंच, रानाच्या वर गुलाबी पुसट रेघ होती. काहीतरी बोलायला वळले, तर सून जागेवर नाही. साडी धरून बंगल्याच्या दिशेनं पळत सुटली होती.

"पळाली," सुंदरा म्हणाली. "केलं आणि पळाली."

मलाही तेच वाटलं. गेली रडायला. ताट हातात घेऊन मी तिथं उभी.

मग इंजिनचा आवाज आला.

नवी साडी वर खोचलेली, पायात दिगूचे गमबूट, डोळ्यांवर तो चष्मा, खांद्याला मशीन आणि त्याला लोखंडी पातं. सरळ आमच्यात आली.

"काकी, मागं व्हा. दगूड उडत्यात."

"मला सांगतेस?" सुंदरा म्हणाली.

"तुमालाच. पुढं तुमीच हाईसा."

आणि सुंदरा मागं झाली. तिला जागेवरून हलवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तिच्या नवऱ्याला ते कधी जमलं नव्हतं.

ऊर्मिला चढाला लागली. उजवीकडून डावीकडे, उजवीकडून डावीकडे, बाळाचा पाळणा हलवावा तशी. घाणेरीचे दांडे कडाकडा पडत होते. कुटलेल्या पाल्याचा उग्र वास आणि पेट्रोलचा धूर. आम्ही सगळ्या खाली ताटं धरून उभ्या. गौरीच्या दिवशी असा आवाज त्या पऱ्यानं ऐकला नव्हता. वरून कर्णिकबाई गच्चीत येऊन बघत होत्या.

अर्धी वाट झाली, कातळाच्या जरा खाली, आणि मशीन खोकलं. पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. ऊन समोरच्या डोंगराला टेकत आलं होतं.

"पेट्रोल संपलं," ती वरून म्हणाली. एवढंच. माझ्याकडे बघितलं, पण आणा म्हणाली नाही. विचारायची सवय नाही तशी मागायचीही नाही. पट्टा सोडून स्वतःच खाली यायला लागली. दमली होती. पाय घसरत होता.

"थांब तिथंच!" मी ओरडले.

बंगल्याच्या शेडमध्ये गेले. दोन डबे. चिंधीचा उचलला. परत आले ती एका हातात गौरीचं ताट, दुसऱ्या हातात पेट्रोल.

"गो द्वारके," सुंदरा म्हणाली, "गौरीला जाताना हातात पेट्रोल?"

"मग तू मला पाठीवर घेऊन जा वर. आणि तोंड चालतंय तसा हात पण चालव. त्या पडलेल्या फांद्या बाजूला कर, काटे रुततात बायकांना."

यावर बायका हसल्या. हसल्या आणि ताटं काठच्या दगडांवर ठेवून कामाला लागल्या. एकीनं फांदी ओढली, दुसरीनं ती घेतली. मी त्या चढावरून धापा टाकत वर गेले आणि डबा सुनेच्या पुढ्यात ठेवला. तिनं चिंधी बघितली, मग मला बघितलं. तोंड उघडणार होती.

"बोलू नकोस. ओत."

तिनं ओतलं, दोरी ओढली.

वर पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. झरा तसाच होता, कातळाच्या फटीतून करंगळीएवढा. आणि तेरडा. पऱ्याकाठी आमच्या कमरेला यायचा, इथं छातीला होता. इतकी वर्षं कोणाचा हात न लागलेला. एक म्हातारी जाऊ तिथंच खाली बसली आणि म्हणाली, "माझी पहिली गौर मी इथनंच नेली होती."

हळदकुंकू वाहिलं. पहिलं रोप मी उपटलं. माझा मान, मी घेतला. तो उचलून सुनेला द्यावा असलं काही माझ्या मनात आलं नाही आणि येणारही नाही. दुसरं सुंदरानं उपटलं.

ऊर्मिला मशीन उतरवून लांब उभी होती.

"तिनं शिवायचं नाही हां," सुंदरा हळूच म्हणाली. वरच्या आवाजात म्हणायचं बळ आता तिच्यात नव्हतं.

"नाही शिवणार. हात तेलकट आहेत तिचे." मी झऱ्याकडे बोट केलं. "धुऊन घेईल, मग शिवेल."

तिनं धुतले. तिनं उपटलं. दिवेलागणीच्या आत वाडीतल्या प्रत्येक घरात गौर होती.

आमच्या गौरीला साडी नेसवून पाटावर उभी केली तेव्हा पडवी बायकांनी भरली होती. हळदकुंकवाला सुंदराही आली होती. दिगू आरतीहून धावत आला. त्याला वाटेत प्रत्येकानं एकेक तुकडा सांगितला होता, त्यामुळे काहीच नीट कळलं नव्हतं. घाबरून माझ्यापाशी आला.

"आई, खरं सांग. मशीन ठेवायचं की परत द्यायचं? वाडीचं मन नसेल तर मी बाईंना नाही म्हणून येतो."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सुंदरानं करंडा खाली ठेवला. ऊर्मिला उंबऱ्याबाहेर उभी होती, आत यावं की नाही ते न कळून. नव्या साडीला पाल्याचे चिकट शिंतोडे, हातावर ओरखडे, आणि चष्मा डोक्यावर तसाच सरकवलेला.

"इकडे ये," मी म्हटलं.

ती आली.

"गवत कापायच्या आधी मला विचारलं असतंस, तर गौर जागच्या जागी वाचली असती. चूक तुझी. आणि ती मी तुला पुढच्या गौरीपर्यंत ऐकवणार आहे, रोज."

"व्हय, आत्याबाई."

"आणि घाणेरी कापायच्या आधी मला विचारलं असतंस, तर मी नको म्हटलं असतं. सणाचा दिवस, नवी साडी, वाडीच्या बायका बघतायत. नकोच म्हटलं असतं. आणि आत्ता ही सुंदरा, मी आणि सगळ्या अजून पऱ्यावर उभ्या असतो, रिकामी ताटं घेऊन. तेव्हा नीट ऐक, दिगू तूही ऐक, मशीन कुठं जात नाही. गवत कापायचं असेल तेव्हा मला विचारायचं. वाट काढायची असेल तेव्हा विचारत बसायचं नाही. आणि तो चष्मा काढ आधी, गौरीपुढे बेडकीसारखी दिसतेस."